पदराखालचा जबाब

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात आपोआप पदराखाली जातो.

तिसगावपासून जवळच आमचं गाव. तिथं मी बरीच वर्षं पोलीस पाटील होते. आधी माझे मालक होते, ते गेल्यावर गावानं माझं नाव दिलं. शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून शिक्षणाची अट शिथिल करून नेमणूक झाली. बैठकीत मला बोलता यायचं नाही. पण गावात कुणी नवीन आलं, कुणी दिसेनासं झालं, कुणाचं भांडण वाढलं, की दूरक्षेत्राला, म्हणजे आमच्या पोलीस चौकीला खबर देणं हे माझं काम, आणि ते मी चुकवलं नाही. माणसं अजून गावातच आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

मे महिना होता. बकरी ईद जवळ आली होती. आमच्या गावात बकऱ्यांचा एक व्यापारी आहे. दर उन्हाळ्यात तो टेम्पो घेऊन राजस्थानात जातो आणि तिकडच्या लांब कानांच्या बकऱ्या आणतो. त्या वर्षी जाताना तो बायकोला सांगून गेला होता, की पोरीला वाटेत कोपरगावला माझ्या बहिणीकडं सोडतो, सुट्टीत राहील आत्याकडं. पोरगी चौथी पास होऊन पाचवीला गेलेली.

दुपारी मी धान्य निवडत ओट्यावर बसले होते. तेवढ्यात त्याची बायको आली. एका हातानं तिनं कोपरगावच्या नणंदेचं मनगट घट्ट धरलं होतं. माझ्यासमोर आणून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "पाटीलकाकू, हिला विचारा माझी पोर कुठं हाय."

"काय झालं?"

"पाच दिस झालं फोन करती मी कोपरगावला. कधी म्हनती पोरगी झोपली, कधी म्हनती अंगोळीला गेली. एवढ्या वेळा अंगोळ करायला ती काय म्हैस हाय? आज माझा भाऊ कामानं तिकडं गेल्ता, तर पोर घरात न्हाईच. त्यानं हिला तशीच गाडीवर बसवून आनलीय."

"आणि पोरीचे वडील?"

"त्याचा फोन बंद."

नणंद मान खाली घालून बसली होती. तिला मी दोनदा विचारलं. तिनं फक्त मान हलवली.

पोरगी आत्याकडं गेली नाही, घरी नाही, आणि बाप फोनवर मिळत नाही. मी लगेच दूरक्षेत्राला फोन लावला. लहान मूल बेपत्ता असेल तर वाट बघत बसायचं नसतं, हे आम्हाला प्रत्येक बैठकीत सांगितलेलं. तोवर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक बोलून गेली, की तिकडं म्हणे पोरींची लग्नं लहानपणीच लावतात. त्या बाईला मी घरी जायला सांगितलं. एवढ्या मोठ्यानं मी गावात पहिल्यांदाच बोलले असेन.

फौजदार मोटारसायकलवरून आले. तरणे होते, कामाला चोख. त्यांनी आईचं सगळं लिहून घेतलं. पोरीचा वर्ण, उंची, अंगावरचे कपडे, टेम्पोचा नंबर. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाटीलबाई, पोरगी बापाबरोबर असेल तर हे घरातलं भांडण आहे. पण बापाबरोबर आहे हे आधी कळायला हवं. ते कळलं नाही तर मला आजच गुन्हा दाखल करावा लागेल आणि टेम्पोचा नंबर सगळ्या नाक्यांवर द्यावा लागेल."

त्याचा अर्थ मला कळत होता. भरल्या उन्हात टेम्पो नाक्यावर अडकला तर आतल्या बकऱ्या तडफडून मरतील. त्या एका फेरीवर त्यांचं वर्ष चालतं. आणि पोरीसमोर बापाला खाली उतरवून पोलीस गाडीत बसवतील. पण पोरगी खरंच बापाबरोबर नसेल तर? मग प्रत्येक मिनिट जड होतं.

फौजदारांनी आत्याला माझ्या पडवीत बसवलं.

"मुलगी कुठं आहे?"

तिनं ओढणी आणखी पुढं ओढली.

"खोटं बोललात तर तुम्हालाही आत बसवीन."

"बसवा साहेब," ती म्हणाली. "पर म्या तोंडातनं शब्द काढनार न्हाई. पोरीच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतलीया."

"कुणी घ्यायला लावली?"

"पोरीनंच."

फौजदारांनी माझ्याकडं बघितलं. आई रडता रडता ओरडली, "माझ्याच पोरीच्या डोक्यावर?"

आता एवढं तरी कळलं, की कट पोरीचा होता. पण आत्या पुढं हलेना. शपथ घेतलेल्या बाईला दमदाटी करून उपयोग नसतो. शपथ मोडली तर पोरीचं वाईट होईल असं तिच्या मनात पक्कं असतं. आत्याचे हात मात्र सारखे चाळवत होते. ती ओढणीखाली एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं धरायची आणि सोडायची.

ते बघून मला माझे वडील आठवले. ते बैलबाजाराला जाताना मला लहानपणी घेऊन जायचे. बाजारात व्यापारी किंमत तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट धरलं की एक, पूर्ण पंजा धरला की पाच, पंजा धरून परत दोन बोटं धरली की सात, मूठ मिटली की शून्य. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही सौदा कितीला ठरला. ही बाई तर बकऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेली.

मी तिच्याजवळ सरकले, हातावर पदर टाकला आणि पदराखाली हात पुढं केला.

"तोंडानं सांगू नको," मी म्हटलं. "गाडीत किती माणसं गेली?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा हात पदराखाली आला. तिनं माझी दोन बोटं धरली.

"दोनच? बाप आणि पोर?"

दोन बोटं परत दाबली, जोरात.

"परत यायला किती दिवस?"

तीन.

फौजदार उभे राहून बघत होते. म्हणाले, "पाटीलबाई, हे मी जबाबात कसं लिहायचं?"

"नंतर बघू साहेब. पेन काढा." मी आत्याला विचारलं, "भावाचा फोन कुठल्या नंबरावरनं येतो?"

फोन तिच्या पोराचा, आणि पोरगा तो घेऊन कामावर गेलेला, लावला तर उचलत नव्हता. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण नंबर बोटांवर पाठ होता. ती एकेक आकडा देत गेली आणि मी मोठ्यानं सांगत गेले. मध्येच माझा घोटाळा झाला. फौजदारांनी लावलेला फोन कुणा भलत्याच माणसानं उचलला आणि लग्नाच्या वाजंत्रीत ओरडून विचारलं, की घोडा कुठं पोचला.

"सात का आठ ते नीट बघा," फौजदार म्हणाले.

"थांबा, परत धरते."

आत्यानं माझा पंजा धरला, सोडला आणि तीन बोटं धरली. ती पहिल्यांदाच हसली. आईनं तिच्याकडं रागानं बघितलं, पण तिचेही डोळे आमच्या पदरावरच होते.

दुसऱ्यांदा लावलेला फोन एका म्हाताऱ्यानं उचलला. बोली तिकडची, पण बकरा, टेम्पो आणि बेटी एवढं कळलं. फौजदारांनी फोनचा आवाज मोठा केला. मागून बकऱ्यांचा आवाज येत होता. मग धावत आल्यासारखा एक बारीक आवाज आला.

"कोन?"

आईनं फोन हिसकावून घेतला. आम्हाला वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणाली, "डोक्याला काय बांधलंस?"

"अब्बाचा रुमाल. ओला करून. अम्मी, इथं वाळू हाय. लई हाय. संपतच न्हाई."

"तू ये घरी, मग तुला दावते वाळू," आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन तोंडावर ओढणी घेतली.

फौजदारांनी बापाशी बोलून घेतलं. घरी न जाता आधी चौकीत हजर व्हायचं, पोरीला घेऊन. रोज संध्याकाळी फोन करायचा. तो फक्त "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत होता.

सांगितल्या दिवशी सकाळी टेम्पो चौकीच्या आवारात शिरला. मागं बकऱ्या दाटीनं उभ्या, खिडकीला ओलं पोतं लटकवलेलं. बाप खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. फौजदार म्हणाले, "आधी जनावरं सावलीला घ्या. मग तुमच्याकडं बघतो." बकऱ्या लिंबाखाली उतरवल्या, तेवढ्यात त्यांतल्या दोघींनी चौकीचं मेंदीचं कुंपण खायला सुरुवात केली. शिपायाला त्यांच्यामागं धावताना बघून पोरगी खिदळत होती. तोंड उन्हानं काळं पडलेलं, केसांत वाळू, काखेत एक पांढरं करडू.

मूल मिळून आलं की त्याचा जबाब घ्यायचा असतो, आणि शेजारी बाई असावी लागते. मी बसले. आई पलीकडं, नवऱ्याकडं पाठ करून.

"तुला कुणी जबरदस्तीनं नेलं का?" फौजदारांनी विचारलं.

"न्हाई. म्याच अब्बाला नेलं."

"म्हणजे?"

"दर साली अब्बा येऊन सांगत्यात, असा उंट, तशी वाळू. म्या म्हनलं मला दावा. अम्मी म्हनली, बकऱ्यांच्या गाडीत पोर जायची न्हाई. मग म्या कोपरगावच्या फुफूला शपथ घातली."

"बरं. पुढं सांग."

पुढं ती जे सांगत सुटली, ते फौजदार आधी लिहीत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. धुळ्याच्या पुढं माणसं दुसरंच बोलायला लागतात. नंतर झाडं बुटकी होत जातात, मग नुसती काटेरी, मग तीही लांब लांब. डांबरी रस्त्यावर वाळू सापासारखी सरकत येते. उंट आडवा आला तर हॉर्न वाजवायचा नाही, गाडी बंद करून त्याची मर्जी होईपर्यंत थांबायचं. "उंटाच्या पापन्या हेवढ्या लांब. आन् त्यो आपल्याकडं असा बघतो, जसं आपन त्याचं काय तरी घेतलंय." बाडमेरच्या पुढं ज्या म्हाताऱ्याकडं ते उतरले, त्याचं घर गोल होतं. "कोपराच न्हाई घराला. मग अभ्यास न्हाई झाला तर उभं कुठं करत्यात?" घराला दार नव्हतं, पण पाण्याच्या टाक्याला कुलूप होतं. "म्या म्हनलं, आमच्याकडं टँकर येतो, आमी त्याच्यामागं पळतो. तर म्हातारी म्हनली, मग तू आमचीच." संध्याकाळी टेकडीवर गेलं की वाळू वरून गरम आणि पाय खुपसला की आत गार. त्या टेकडीवरून ती इतक्या वेळा रुमालावर बसून घसरत खाली आली, की बापाच्या रुमालाचं फडकं झालं.

"आणि हे करडू?" मी विचारलं.

"म्या सौदा केला. म्हाताऱ्यानं रुमाल टाकला, म्या हात घातला. अब्बाला न्हाई सांगितलं कितीला. त्यो अजून इचारतोय."

बाप भिंतीशी उभा राहून हसला. आईनं मागं वळून बघितलं तसा गप्प झाला.

फौजदार आईला म्हणाले, "तुमची काही तक्रार आहे का? असेल तर मी लिहून घेतो."

ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "पोरीला नेलं त्याचा राग हाय. पर किती वर्सं झाली लगनाला. दर साली येऊन वाळूच्या गोष्टी सांगतो. मला कदी म्हनला का, चल म्हनून?"

बाप तोंड उघडून तसाच उभा राहिला. हा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला बकऱ्यांचा वास आवडत न्हाई."

"न्हाईच आवडत. म्हनून इचारायचं बी न्हाई व्हय?"

तेवढ्यात पोरीनं करडू माझ्या मांडीत टाकलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि आईच्या हातावर पसरला. स्वतःचा हात खाली घातला. आई आधी हात ओढायला गेली, मग तसाच ठेवला. रुमालाखाली काहीतरी हललं. आईनं मान हलवली. परत हललं. आई म्हणाली, "जास्त होतंय." पोरगी म्हणाली, "बोलायचं न्हाई सौद्यात." आणखी थोडा वेळ गेला. मग आई हसली आणि तिनं रुमाल झटकला. चौकीच्या फरशीवर वाळू सांडली.

"काय ठरलं?" बापानं विचारलं.

"आकडा सांगत्यात व्हय कुनी?" दोघी एकदमच म्हणाल्या.

फौजदारांनी डायरीत लिहिलं, मुलगी वडिलांसह सुखरूप मिळून आली, कुणाची तक्रार नाही. बापाला चांगलं खडसावलं, आणि मेंदीच्या कुंपणाला महिनाभर पाणी घालायला लावलं. आत्याला त्याच दिवशी फोनवर निरोप गेला. ती म्हणाली, आता तोंड उघडू का?

मी या कामातून निवृत्त झाले त्याला फार दिवस झालेले नाहीत. या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. कुणी दिसेनासं झालं की आम्ही गेलेल्या माणसाची माहिती विचारतो, वर्ण, उंची, कपडे. मागं राहिलेल्या माणसाला फक्त शेवटचं कधी बघितलं एवढंच विचारतो. त्या प्रकरणानंतर माझ्याकडं जी जी तक्रार आली, तिच्यात मी आणखी एक प्रश्न विचारायला लागले, की बाई, तुला स्वतःला काय पाहिजे होतं. उत्तर तोंडानं आलं नाही तर पदर पुढं करायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मी ओट्यावर बसले होते. टेम्पो आमच्या दारावरून गेला, मागचा भाग रिकामा, खिडकीला ओलं पोतं. गाडी वळणावर हळू झाली, तसं मी ओट्यावरून मोठ्यानं विचारलं, "गाडीत किती माणसं?" पोत्याच्या बाजूनं आईचा हात बाहेर आला. वर रुमाल नव्हता, पदर नव्हता. सगळ्या गल्लीला दिसतील अशी तिनं तीन बोटं वर केली.