आईने ठरवलेला चॅम्पियन

गेल्या शनिवारी लीड्सजवळच्या एका छोट्या टाउन हॉलमध्ये माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईने कुस्तीचा ब्रिटिश चॅम्पियन ठरवला. खरंच...

थोडं मागचं सांगते. आई इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती, बाबा भूलतज्ज्ञ. माझ्या लहानपणी शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्ती लागायची... आपल्याकडची मातीतली नव्हे, रिंगमधली, राउंड्सवाली. सोफ्याच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला आई, मधे मी आणि चिवड्याचा डबा.

बाबांचा हिरो हॅलम. नियमाने खेळणारा, पाडलेल्या माणसाला हात देऊन उठवणारा. आईचा ग्रिमशॉ... काळी दाढी, रेफ्रीची नजर चुकवून केस ओढायचा, अख्खा हॉल त्याला 'बू' करायचा. आठवडाभर वॉर्डात शहाण्यासारखं वागणाऱ्या बाईला असाच माणूस आवडणार, असं बाबा म्हणायचे.

मग त्या दोघांची टायटल मॅच झाली. रेफ्रीने तीन मोजेपर्यंत समोरच्याला दाबून धरलं की जिंकलं, असा नियम. ग्रिमशॉने हॅलमला दाबून धरलं, घंटा वाजली, पण रेफ्री धक्का लागून कोपऱ्यात आडवा पडलेला... मोजलं कुणी ते कळलंच नाही. पुढे दोघं कुस्त्या भरवणाऱ्या वेगवेगळ्या प्रमोटर्सकडे गेले आणि दोघांच्याही पोस्टर्सवर 'ब्रिटिश चॅम्पियन' छापलं जायला लागलं.

आमच्या घरातही तेव्हापासून दोन चॅम्पियन. भाजी निवडताना, मोटरवेवर, अगदी माझ्या लग्नाच्या रिसेप्शनलासुद्धा आईबाबांचा यावरून वाद झालाय. बाबा गेले आणि तो विषय घरात पुन्हा निघालाच नाही.

मध्यंतरी फेसबुकवर एका शोची जाहिरात दिसली. तरुण पैलवानांच्या मॅचेस आणि इंटरव्हलमध्ये जुन्या पैलवानांची भेट... त्यात हॅलम आणि ग्रिमशॉ, दोघांचीही नावं. आई म्हणाली, "मला काय करायचंय तिथे." आणि शनिवारी माझ्या आधी साडी नेसून दारात उभी.

इंटरव्हलला पाहिलं तर दोघं एकाच टेबलाशी. हॅलमला आता नीट दिसत नाही, म्हणून ग्रिमशॉ त्याला सँडविचचं पाकीट फोडून देत होता. दाढी पांढरीशुभ्र. आई काठी टेकत थेट त्यांच्यासमोर गेली.

"मला एकच सांगा," ती म्हणाली, "चॅम्पियन कोण होतं?"

दोघं एकदम म्हणाले, "मी."

मग हॅलम ग्रिमशॉकडे वळून शांतपणे म्हणाला, "लेन, रेफ्री खाली पडला होता."

"हो, पण तूही खालीच होतास," ग्रिमशॉ म्हणाला.

आई इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. बाबांनंतर तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं... माईक घेऊन फिरणाऱ्या निवेदिकेने हे सगळं ऐकलं होतं. इंटरव्हल संपल्यावर तिने तिघांनाही रिंगसमोर बोलावलं, लोकांना तो जुना घोळ सांगितला आणि जाहीर केलं, की आजच्या रेफ्री या बाई. त्या ज्याचा हात वर करतील तो चॅम्पियन.

आई दोघांच्या मधे, दोघांची मनगटं धरून उभी. मला वाटलं, ती दोघांचेही हात वर करेल. मग वाटलं, नाही, बाबांसाठी हॅलमचाच करेल... माझे डोळे भरून यायला लागले होते.

आईने ग्रिमशॉचा हात वर केला.

आणि सगळ्या हॉलने, त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्याला कधी पाहिलंही नसेल, जोरदार 'बू' केलं. ग्रिमशॉने दात विचकले, लोकांवर मूठ उगारली, आणि त्याच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. "किती वर्षांनी ऐकलं हे," एवढंच तो आईला म्हणाला. तिकडे हॅलम निवेदिकेला समजावत होता, की हा निकाल नियमाला धरून नाही.

गाडीत मी विचारलं, "आई, बाबांसाठी तरी हॅलमला जिंकवायचंस ना गं."

"अगं, मग वादच मिटला असता," ती म्हणाली. "तुझ्या बाबांशी अजून भांडायचंय मला."

 रविवारी सकाळी चहा ओतताना मी म्हटलं, "काही म्हण, रेफ्रीने मोजलंच नाही तर ती मॅच धरायचीच नाही. चॅम्पियन हॅलमच."

आईने कप खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली... जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही भांडत होतो. बाबा गेल्यापासून आमच्या घरातला इतका सुंदर रविवार दुसरा नाही.