वस्तादांचं रंगीत पाणी

दारू प्यालेल्याचं तोंड हुंगणारी माणसं पुष्कळ असतात. आमच्या गल्लीतले वस्ताद चहा प्यालेल्याचं तोंड हुंगायचे. तालमीच्या दारात मांडी ठोकून बसलेले असायचे, खांद्यावर पंचा, दोन्ही कान मोडलेले, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराला "आ कर" म्हणायचे. घरून निघताना पोरानं आईच्या कपातला एक घोट घेतला असला तरी यांच्या नाकाला तो कळायचा. मग त्याला जादा बैठका आणि वर भाषण. बैठका परवडल्या, असं पोरं म्हणत.

भाषण ठरलेलं. "चहा म्हंजे रंगीत पाणी. म्हशीच्या दुधाचा असला अपमान दुसऱ्या कुठल्या मुलखात हुत न्हाय. आरं, इंग्रजानं आपल्याला तलवारीनं न्हाय, कपबशीनं जिंकलं!" इतिहासाचा त्यांचा अभ्यास एवढाच होता. स्वतः मात्र घरामागच्या परड्यातल्या म्हशीखाली तांब्या धरून ते धारोष्ण दूध प्यायचे आणि मिशीला लागलेला फेस न पुसता गल्लीतून एक फेरी मारून यायचे, लोकांना दिसावा म्हणून. दूध पिऊन माणूस मोठा होत असता तर त्यांचं रेडकू आधी वस्ताद झालं असतं, असं माझी आई म्हणायची. अर्थात हळू आवाजात. आमची दोन्ही घरं एका भिंतीची.

त्यांच्या घरात चहाची पूड कधी आलीच नाही. आल्यागेल्याला स्टीलचा मोठा पेला भरून दूध, वर बोटभर साय. बँकेतला कुणी साहेब आला, डॉक्टर आला, तरी तेच. साय ओठाला चिकटलेली ती बिचारी माणसं बघून मला हसू यायचं आणि वस्तादांचा रागही यायचा. पाहुण्याला काय आवडतं हे विचारायचं असतं, एवढी साधी गोष्ट या भीमकाय देहात कुठेच शिरलेली नव्हती.

त्यांच्या लेकीला बघायला कुरुंदवाडची माणसं आली, तेव्हा तर कहरच झाला. मुलगी बघायला आलेल्यांना चहा-पोहे द्यायचे, हे शाळेतल्या पोराला कळतं. वस्तादांनी पोह्यांबरोबर दुधाचे पेले मांडले. मुलाच्या वडिलांनी पेल्यात डोकावून पाहिलं.

"पावणं, आमी काय नागोबा दिसालोय व्हय तुमाला?"

"आमच्या घरात चहा हुत न्हाय," वस्ताद म्हणाले, जणू काही मोठा पराक्रमच सांगत होते.

कुरुंदवाडकर टोपी उचलायच्या बेतात होते. काकूंनी, म्हणजे वस्तादांच्या बायकोनं, परड्यातून आईला हाक मारली आणि आईनं भिंतीवरून किटली दिली. नेमकं त्याच वेळी वस्तादांना म्हशीला वैरण घालायची आठवण झाली. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत त्यांची वैरण संपली नाही. लग्न ठरलं. "आमच्या दुधावर सोयरीक जुळली," असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत फिरले. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काकूंचं माहेर मलकापूरचं. माहेरी दिवसातून तीनदा चहा. लग्न होऊन आल्या त्या या दुधाच्या घरात. त्यांनी भांडण केलं नाही, सरळ वाटी उचलली. रोज दुपारी चार वाजता वस्ताद घसा खाकरून सगळ्या गल्लीला ऐकवायचे, "मी तालमीकडं चाललोय!" आणि ते गेले की काकू रिकामी वाटी घेऊन आमच्या मागच्या दारात उभ्या. "इरजण हाय काय गं थोडं?" ज्या घरात दोन म्हशी दावणीला, ज्या घरातलं ताक निम्मी गल्ली पिते, त्या घराला रोज विरजण उसनं लागायचं.

आई आधण ठेवायची. आलं ठेचून, गवती चहाची पात तोडून, साखर सढळ हातानं. काकू जमिनीवर पाय पसरून बसायच्या, बशीत ओतून घ्यायच्या, पहिला फुरका मारायच्या आणि डोळे मिटायच्या. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं त्या बोलायच्या. सासू, नणंदा, गुडघे, लेकीचा संसार, सगळं. "डोकं उतारलं बग. आता राच्याला भाकरी थापाय बळ आलं." चहाचे जेवढे गुण आता रोज सकाळी फोनवर वाचायला मिळतात, ते काकूंनी कधीच शोधून ठेवले होते. जाताना लवंग चावायच्या, वास जावा म्हणून. मला मनातून हसू यायचं. पोरांच्या पोटातला घोट दारातून ओळखणाऱ्या माणसाला शेजारच्या उशीवरचा चहा ओळखू येत नाही! असल्या नाकाचं कौतुक काय करायचं?

आई गेल्यावर ते मागचं दार आणि ते आधण माझ्याकडे आलं. काकू येतच राहिल्या. एकदा बशी खाली ठेवून म्हणाल्या, "शालन, माजी येकच विच्छा हाय. येकदा ह्यांच्या म्होरं बसून, माज्या सोताच्या सैपाकघरात, कपभर चहा प्यायचा. लवंग न चावता."

ती संधी चालून आली. वस्तादांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी दूध, साय, लोणी सगळं बंद केलं आणि वर सांगितलं, सवय असेल तर कोरा चहा घ्या, कोरी कॉफी घ्या, काही बिघडत नाही. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं हिरव्या चहाची खोकी पाठवली आणि पाठोपाठ मेसेज. चहा काळजाला चांगला, कॉफी यकृताला चांगली, दोन्ही मेंदूला चांगली. असले मेसेज लिहिणाऱ्यांचाही मला तिटकाराच आहे. चहा प्यायला कारण लागतं का? उद्या म्हणतील, हसल्यानं जबड्याला व्यायाम होतो म्हणून हसा.

पण काकूंना आनंद झाला. त्या स्वतःच्या चुलीवर पहिल्यांदा चहा करायला बसल्या. दोन कप भरले, एक त्यांच्यापुढे, एक आपल्यापुढे. वस्तादांनी आपला कप उचलला आणि परड्यातल्या कर्दळीला ओतला. "गवत उकळून प्यायचं, तर म्हस काय वाईट हुती? मरीन, पर हे पिणार न्हाय." काकूंनी आपलाही कप तसाच नेऊन मोरीत ओतला. हे त्यांनीच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी चारला, हातातल्या वाटीकडे बघत. त्या दिवशी मला वस्तादांची किळस आली. एक कप. एका बाईनं जन्मभरात मागितलेला एक कप.

पुढच्या थंडीत काकू गेल्या. झोपेतच. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजाराच्या रिवाजाप्रमाणे मी चहाची किटली घेऊन गेले. आलेले सगळे प्यायले. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. कप पुढे केला तर तोंड फिरवलं. मी मनात म्हटलं, राहा उपाशी.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मागचं दार वाजलं. दुपारचे चार. दारात वस्ताद. अंगावरचा सदरा ढगळ झालेला, हातात काकूंची वाटी.

"इरजण हाय काय थोडं?"

म्हशी कधीच्या विकल्या होत्या. घरात दुधाचा थेंब येत नव्हता. मी आधण ठेवलं. ते जमिनीवर बसले, नेमके काकूंच्या जागी.

"कोरा करू? डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"ती कसा प्याची?"

"दुधाचा. साखर जास्त."

"तसाच कर."

त्यांनी चहा बशीत ओतला. मला राहवलं नाही. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"दावणीला दोन म्हशी, आनि बायको रोज इरजण मागाय जातीया. मी काय येडा हाय? आनि लवंगंखालचा चहा मला कळत न्हाय व्हय?"

"मग कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर ती यायची थांबली असती." मग बशीत बघत म्हणाले, "पोरं तालमीत पाचाशिवाय येत न्हवती. तासभर मातीत येकटाच बसून ऱ्हायचो. तिचा चहा हुस्तवर."

"आणि तो कप? कर्दळीला ओतला तो?"

"साऱ्या पेठंला चहा सोडाय लावला, शालन. कुठल्या तोंडानं प्यायचा? लई जड गेला त्यो कप. अजून जड जातोय."

त्यांनी फुरका मारला. डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहून मिशीत गेलं, जिथे कधी फेस असायचा तिथे. बशी चाटूनपुसून रिकामी केली, उठले, आणि तुच्छतेनं म्हणाले, "पाणी. निव्वळ पाणी."

आता तेही नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला तालीम आठवत नाही, दूध आठवत नाही. त्याच्या दुसऱ्या दिवसाचे चार आठवतात. मी आधण ठेवून दाराकडे बघत होते. ते आले. हातात वाटी नव्हती. मागच्या दारानंही आले नव्हते. पुढच्या दारात, भर गल्लीत उभे राहून, घसा खाकरून ओरडले,

"शालन! ठिवलंस का गं रंगीत पाणी?"