मन्मथ सरांचं मुरुड

मन्मथ सरांच्या बायकोचा, महानंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी सकाळच्या उन्हात अंबाडीची भाजी निवडत बसले होते. "बाई, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग सांगितलं, चहा ठेवून मी उठवायला गेले तर सर उठलेच नाहीत. मी उदगीरला पोचले तोवर लिंगायतांच्या रीतीप्रमाणे सरांना बसतं करून, फुलांच्या माळा घालून अंगणात ठेवलं होतं. वर्गात एका जागी कधी न बसलेला, सारखा येरझारा घालणारा हा माणूस इतका शांत बसलेला पाहून मला रडू आलं आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. त्याला आता महिना होऊन गेलाय.

मन्मथ सर उदगीरच्या आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. त्यांचा जीव जगभरच्या जुन्या नाटक-कादंबऱ्यांवर, त्यातही हातून काहीतरी भयंकर घडलेल्या आणि मग त्या घडलेल्याबरोबर एकट्या पडलेल्या माणसांवर. मी त्यांना छेडायची, "सर, तुमच्या पुस्तकांत कुणी पोटभर जेवतच नाही का हो?" ते गंभीरपणे म्हणायचे, "अपराध्याला भूक कुठली, बाई?" आणि स्वतः माझ्या डब्यातली भाकरी मोडायचे. मन्मथ सर गोष्ट सांगायला लागले की शिपाईसुद्धा घंटा द्यायची विसरायचा. कॉलेजच्या प्राचार्यांना याचा फार राग यायचा, पण तेही कधीकधी दाराशी उभे राहून ऐकायचे.

त्या गोष्टीनंच घात केला. एका वर्षी सर मुलांना घेऊन माहूरला सहलीला गेले. रेणुकेचं दर्शन झालं, गड उतरून मंडळी एका तळ्याकाठच्या झाडाखाली जेवली आणि मुलं मागं लागली, सर, तासाला अर्धवट राहिलेल्या त्या राजाचं पुढं काय झालं ते सांगा. सर सांगू लागले. गोष्ट अशी रंगली की कुणाला भान राहिलं नाही. त्यातला दत्ता नावाचा मुलगा खरकटे हात धुवायला तळ्याकडं गेला, शेवाळावरून पाय घसरला आणि पाण्यात गेला. त्याला पोहता येत नव्हतं. गोष्ट संपल्यावर कुणीतरी विचारलं, दत्ता कुठाय...

दत्ता मुरुडचा. उदगीरला मामाकडं राहून शिकत होता, घरी थोरला भाऊ आणि आई, गयाबाई. चौकशी झाली, त्यात सरांचा दोष निघाला नाही, आणि दोष निघाला नाही हेच सरांना सोसेना. कुणी शिक्षा केली असती तर बरं झालं असतं, असं ते मला एकदा म्हणाले. त्यांनी माझ्या डब्यातलं खाणं सोडलं, टेबल खिडकीकडं ओढून आमच्याकडं पाठ केली. सहल, गॅदरिंग, लग्नकार्य, सगळं बंद. गोष्टी तर बंदच, फक्त सिलॅबस. पण अपराधीपणावरचा तास आला की असे शिकवायचे की मुलं सुन्न होऊन बाहेर पडायची. मी म्हणायची, "सर, एकदा मुरुडला जाऊन या." ते म्हणायचे, "कोणत्या तोंडानं जाऊ?" एकदा गेलेही म्हणे, पण मुरुडच्या स्टँडवरूनच परतीच्या एसटीत बसले. मला त्यांची कीव यायची आणि चीडही. वर्षांमागून वर्षं गेली. मध्ये त्यांचं लग्न झालं, केस पिकले, दत्ताच्या बरोबरीची मुलं बाप झाली, पण सर काही मुरुडला गेले नाहीत.

मग सुलोचना आली. देवणीकडच्या शेतकऱ्याची पोर, इंग्रजी यथातथा, पण बोलायला अजिबात न भिणारी. माझ्या आणि सरांच्या वर्गांत नुसतं पत्र्याचं पार्टिशन होतं, त्यामुळं त्या दिवशीचं सगळं मला ऐकू आलं. सर खून करून झुरणाऱ्या एका नायकाबद्दल सांगत होते, त्याचं एकटेपण, त्याची झोप उडणं, त्याचं स्वतःशीच बोलणं. तेवढ्यात सुलोचनाचा आवाज आला, "सर, एक इचारू का? मारणारा झुरून राहिला, त्याचं समदं लिव्हलंय. पण जे मेलं, त्याची माय कुठं हाय ह्या पुस्तकात? तिला कुणी भेटायला गेलं का न्हाई?"

माझा खडू फळ्यावरच थांबला, माझीही मुलं पार्टिशनकडं बघू लागली. सर एवढंच म्हणाले, "नाही गेलं. लेखकाच्याही लक्षात आलं नाही." तास संपल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. "बाई, रविवारी मोकळ्या आहात? मुरुडला जायचंय. एकट्याला जमणार नाही."

गयाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सर त्यांच्या पायाशी वाकले आणि वाटेत एसटीत मनाशी घोकलेलं बोलू लागले, माझ्यामुळं, माझ्या चुकीनं... गयाबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. लई उशीर केलाव सर. आधी बसा. त्या दिवशी दत्ता काय काय बोलला, ते सांगा. मला कुणी काहीच सांगितलं न्हाई. मढं आणून दिलं आन् समदे गेले."

सर सांगू लागले, अडखळत, मग हळूहळू सुरात. दत्ता गाडीत कुठं बसला, काय खाल्लं, कशावर हसला. गयाबाई मध्येच विचारायच्या, "भूक लागलीती का त्याला?", "अंगात कंचा सदरा हुता?" शेंगा तशाच राहिल्या. मला तेव्हा कळलं, की सर लाजेनं घरी बसले आणि इकडं ही बाई लेकाच्या शेवटच्या दिवसाची वाट बघत बसली होती. तो दिवस सरांपाशी होता आणि सर तो तिला देत नव्हते. परतताना सर म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी या झुरण्याला प्रायश्चित्त समजत होतो. हे तर नुसतं स्वतःभोवती फिरणं झालं. जबाबदारी म्हणजे तिच्या अंगणात जाऊन बसणं." त्यानंतर ते मुरुडला जातच राहिले. माफीचं विचाराल तर गयाबाईंनी कधी माफ केलं म्हटलं नाही, सरांनीही कधी मागितली नाही. वर्गात मात्र कुठलंही जुनं पुस्तक संपलं की ते मुलांना विचारू लागले, आता यातल्या कुणाकडं कुणी जायला पाहिजे होतं? निम्मा तास त्यातच जायचा.

गेल्या आठवड्यात मी आणि महानंदावहिनी मुरुडला जाऊन आलो. सर गेल्याचं गयाबाईंना समोर बसून सांगावं, असं वहिनींना वाटत होतं. गयाबाई आता फार थकल्यात, नीट दिसत नाही. ऐकल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग आपणहून माहूरचा तो दिवस सांगू लागल्या, जणू त्या स्वतः तिथं होत्या. "गड चढताना सरांची चप्पल तुटली. माझ्या दत्तानं आपली काढून दिली, आन् आपुन अनवाणी. सर नगं नगं म्हणत हुते. मंग त्यांच्या मोठ्या पायात ती चप्पल जाईना, तर सर इतके हसले, इतके हसले, की पायरीवर बसूनच घेतलं. समदी पोरं हसाय लागली."

वहिनींचं लग्न त्या सहलीनंतरचं. असे हसणारे सर त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्या उठून गयाबाईंच्या अगदी जवळ जाऊन बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, आणखी कसे होते हो ते? सांगा ना..."