वाणातली बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, संध्याकाळी खारघरच्या बागेत माझ्याबरोबर चकाट्या पिटणाऱ्या बायकांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर नाही. बघा, इथंही भित्री ती भित्रीच!

तेव्हा मी पासष्टीची पोर होते. पोरच म्हणायचं, अक्कल तेवढीच होती. मोबाइलवर येईल ते वाचायचं आणि सोसायटीभर वाटायचं, हा उद्योग. त्यात सापडलं क्वेर्सेटिन — कांद्यात, सफरचंदाच्या सालीत असतं ते, त्याच्या कॅप्सूल. सूज उतरते, शिंका थांबतात, प्रेशर ताब्यात राहतं... थोडंफार खरं असेलही. पण थोडंफार सांगून माझं कुठं भागणार? लिफ्टमध्ये माणूस सापडला की वरच्या मजल्यापर्यंत माझं व्याख्यान!

त्या संक्रांतीला हळदीकुंकवात मी त्याच बाटल्या वाण म्हणून लुटल्या. प्लास्टिकचे डबे काय, सगळ्याच देतात. आणि वाण नको कोण म्हणणार? शेजारच्या निर्मलानं मात्र बाटली उलटसुलट केली. तिच्या हृदयाची झडप बदललेली होती.

"अगं सुमे, माझ्या रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर चालेल ना हे?"

"कांदा खातेस ना? मग! झाडपाल्याला कसलं आलंय टेन्शन? घे गुपचूप, डॉक्टरीणबाई."

सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं. थोबाडीत द्यायला हवी होती कुणीतरी.

काही आठवड्यांनी निर्मलाच्या नाकातून रक्त यायला लागलं, थांबेचना. तिची सून अश्विनी आणि मी तिला हॉस्पिटलात नेलं. रक्त नको इतकं पातळ झालंय, डॉक्टर म्हणाले. "त्या गोळीशिवाय आणखी कुठलं औषध घेता?" निर्मलानं मान हलवली — नाही. ती खोटं बोलत नव्हती हो. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, वाण होतं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक नव्हतं? बाटली तिच्या फ्रिजवर असायची, रोज चहाला गेले की दिसायची. वर विचारायचेही मी, घेतलीस ना गं?

आणि मी म्हणाले, "नाही हो, दुसरं काही नाही."

मग चूक कुणाची? गोळ्या काढून द्यायची अश्विनी. निर्मलाचा मुलगा वॉर्डच्या दारातच बायकोवर ओरडला, "दोनदा दिलीस ना गोळी? डोकं कुठं असतं तुझं?" ती नाही, नाही म्हणत राहिली. आणि मग — हेच माझ्या घशाखाली उतरत नाही — रडत म्हणाली, "दिली असेल... मला आठवत नाहीये." मी तिच्या शेजारी उभी होते. पाठीवरून हात फिरवत होते तिच्या. हात! जळला तो हात.

निर्मला वाचली. लेकीकडे नाशिकला गेली ती गेलीच. सुनेच्या हातची गोळी नको, म्हणाली.

त्या कॅप्सूलनीच झालं कशावरून, असं माझ्यातली ती पासष्टीची शहाणी अजून पुटपुटते. गप्प बस, मेले! मग हॉस्पिटलातून आल्या आल्या निर्मलाच्या फ्रिजवरची बाटली गुपचूप का उचललीस? कशामुळे झालं ते डॉक्टरांनी ठरवायचं होतं. तू तोंड उघडायचं होतंस.

अश्विनी अजून आमच्याच मजल्यावर राहते. पोराला ताप आला की सिरपचं माप ती कुणालातरी दाखवून घेते, स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास उरलेला नाही. परवा माझ्या दारात आली. "काकू, बघता का जरा? जास्त नाही ना झालं?"

मी चष्मा लावून बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.