पेटीवरचा तळवा

लातूरच्या त्या दुकानदाराचं नाव मी विचारलंच नाही. मी देवणीचा, लग्नाचे व्हिडिओ करतो. एडिटिंगला आणि थोडं गेम खेळायला कॉम्प्युटर जुळवून घ्यायला गेलो होतो. मी कॅबिनेटला लावायच्या रंगीत दिव्यांच्या पंख्यांकडे बोट दाखवलं, तर त्यानं रॅमची डबी पुढं सरकवली.

"दिवे लग्नात लई बघता की तुम्ही."

सगळं जोडून झाल्यावर मशीन तपासायला त्यानं गेम लावला नाही, माझंच काम मागितलं. मी पेनड्राइव्हमधली एक पाठवणी दिली. ती चालू असताना त्यानं कॅबिनेटवर तळवा ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा. नजर मात्र पडद्यावर.

"मशीन गार हाय," तो म्हणाला. मग हळूच, "पण नवरीचा बाप डोळे पुसत होता, तुम्ही मधीच कापलं त्याला."

"तिथं कॅमेरा हलला होता," मी म्हणालो.

"हलणारच की. जरा थांबू द्या बापाला."

घरी येऊन आधी गेम लावायचा विचार होता. पण त्या वेगवान मशीनवर पहिलं काम झालं, ते त्या बापाला चार सेकंद जास्त देण्याचं.