पाटल्यांची बुक व्हॅल्यू

प्रिय अनघा आणि निखिल,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, देशाच्या तिजोरीतलं सोनं तेवढंच आहे, तरी बातमीत त्याची किंमत एवढी वाढली कशी? फोनवर मी विषय बदलला. उत्तर दोन ओळींचं आहे, पण मला ते नोकरीत कळलं आणि फार लाजिरवाण्या रीतीने कळलं. तुम्ही दोघं आता पगार घेता, म्हणून सगळंच लिहिते.

सातारा आणि सांगलीच्या मधल्या एका लहान संस्थानात मी कारभाऱ्यांच्या ऑफिसात होते. कारभारी म्हणजे राज्याचे मुख्य अधिकारी. मी नुकतीच बी.ए. झालेली, इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून स्वातंत्र्य आलं होतं आणि संस्थान विलीन होणार होतं. खजिना नव्या सरकारच्या ताब्यात द्यायचा, त्याचं स्टेटमेंट मी टाईप करत होते. सोन्याच्या लगडींपुढचा आकडा मला खटकला. मी कारभाऱ्यांना म्हटलं,

"साहेब, हा दर लढाईच्या सुरुवातीचा आहे. आज सराफकट्ट्यावर दुपटीहून जास्त आहे."

"ती बुक व्हॅल्यू, बाई. सोनं आत आलं त्या दिवशीचा दर. पुस्तकात तोच राहतो."

म्हणजे असं. राज्य असो की देश, तिजोरीतलं सोनं जागचं हलत नाही. बाहेरचा भाव हलतो. जुन्या दराने लिहीत राहिलं तर तिजोरी कागदावर होती तेवढीच. आजच्या दराने लिहिली की एका दिवसात फुगते. आत कुणी एक गुंजही नवी टाकलेली नसते. तुमच्या बातमीत बरंचसं हेच आहे.

मला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडच्या बायकाही दागिना ओळखायच्या तो घडवला त्या वेळच्या भावाने. 'ही वीस रुपये तोळ्याची पाटली' असंच म्हणायच्या, मग बाजारात काहीही चालू असो.

पण या लगडी बायकांच्या होत्या. लढाईच्या सुरुवातीला बाहेरून धान्य आणायचं होतं. तिजोरीत सोनं दिसलं तर व्यापारी उधार देणार. राणीसाहेबांनी हळदीकुंकू केलं आणि आपली माळ ताटात ठेवली. मग गावोगावच्या बायकांनी आपले दागिने ठेवले. लढाई संपली की परत, असं सांगितलं होतं. दागिने आटवून लगडी केल्या. परत सोनं द्यायचं की रुपये, हे खजिन्याने ठरवायचं, अशी अट होती. ती मात्र बायकांना कुणी सांगितली नव्हती.

कारभारी म्हणाले, "हँडओव्हरच्या आधी या बायकांचं मिटवू. बुक व्हॅल्यूने रुपये देऊन टाका."

"आणि सोनं?"

"खजिन्यात. ते आजच्या दराने दाखवू. नव्या सरकारला कळू दे, आम्ही कारभार कसा केला."

"मग मधला फरक त्या बायकांचा झाला ना, साहेब?"

"फरक पुस्तकात आहे कुठे?" ते सही करता करता म्हणाले. "आणि त्यांना तुम्हीच समजावून सांगा. बाईने सांगितलं की बायका ऐकतात."

मी 'बरं' म्हटलं.

कचेरीच्या ओसरीत बायका जमल्या. पहिल्या आल्या दहिवडीकडच्या हिराबाई. नवरा पलटणीत. मी त्यांच्यापुढे नोटा ठेवल्या.

"हे काय वं, बाई?"

"तुमच्या पाटल्यांचे पैसे."

"मी कुठं पैसं दिलं हुतं? मी पाटल्या दिल्या."

"त्या आटवल्या. त्यांची त्या वेळची किंमत..."

"त्या वेळची! मग ज्वारी बी त्या वेळच्या भावानं द्या की."

मागच्या बायका हसल्या. हिराबाई हसल्या नाहीत.

"थोरलीचं लगीन ठरलंय. दोन पाटल्या घालतो म्हून बोललोय. तुमी शिकल्याली. खरं सांगा, एवढ्यात सराफ किती देईल?"

कारभारी माझ्या मागे खुर्चीत होते. ते खाकरले.

"एक पाटली," मी म्हणाले. "तीही पातळ."

"आन दुसरी?"

भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "दुसरी खजिन्यात. खजिन्याचं बी लगीन हाय न्हवं!"

सगळी ओसरी हसली. हिराबाईंनी माझ्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं.

"तुमचं लगीन झालं का, बाई?"

"नाही."

"मग घालतील की तुमाला."

कारभारी म्हणाले, "पुढं चला, पुढं." हिराबाईंनी नोटा पदरात बांधल्या.

"एका पाटलीनं हात भुंडा दिसंल. त्यापरीस शेळ्या घिती आन त्याच देती लेकीला. तुमच्या कागदावर आमचं सोनं वाढत न्हाई. शेळ्या तरी वाढतील."

बाकीच्यांनीही नोटा घेऊन पावतीवर अंगठे दिले. काहींनी सोनं कुठे ठेवलंय, निदान बघू तरी द्या, असं विनवलं. तेही नाही म्हणून मीच सांगितलं.

स्टेटमेंट गेलं. सोनं आजच्या दराने, फरक खजिन्याच्या बाजूला. ताबा घ्यायला आलेल्या साहेबांना तिजोरी एवढी भरलेली पाहून आनंद झाला. कारभारी उदारपणे म्हणाले, "ड्राफ्ट आमच्या या बाईंचा." साहेब म्हणाले, "एक्सलंट." मी म्हणाले, "थँक यू, सर." ओसरीतल्या प्रसंगापेक्षा मला या तीन शब्दांची जास्त लाज वाटते.

तेव्हा तिजोरी वाढली असं वाचलंत की एवढंच विचारा, आतलं सोनं मुळात कुणाचं आणि वाढ कुणाच्या नावावर चढली. विचारूनही पदरी काही पडतंच असं नाही. मी विचारलं होतं.

ते संस्थान आता नाही. लगडी कुठल्या तिजोरीत गेल्या, मला माहीत नाही. गेल्या वर्षी दहिवडीकडे गेले होते तेव्हा मुद्दाम चौकशी केली. हिराबाईंच्या लेकीच्या सासरी त्या शेळ्यांची वीण अजून चालू आहे.