मॅडमनी दाराला लावलेली कडी

छावणीच्या रस्त्यावर आज ड्रिलनं डांबर फोडत होते आणि त्या आवाजानं मी मनानं पुन्हा थेट एमआरआयच्या नळीत जाऊन पडलो. सातवीत शाळा सोडून गोंदियाहून इथल्या कारखान्यात आलो होतो. तिथं एकदा सुपरवायझरनं मला खाली पाडून छातीत बुटाच्या लाथा घातल्या, आणि तोच मला दवाखान्यात आणून दाराबाहेर बसला. "जिन्यावरून पडलो म्हन, नाय तर उद्यापासून येऊ नको." मी डॉक्टरांना तसंच सांगितलं, त्यांनी छातीला मार म्हणून हृदयाचा एमआरआय लिहून दिला. मशीन कानाशी घण घालत होतं, श्वास रोखला की फासळ्या पेटायच्या. मग फोटो काढणाऱ्या मॅडमनी पडद्यावर दोन फोटो शेजारी ठेवले. "दादा, या पद्धतीत हृदयाची हालचाल दिसते, ती ठीक आहे. दुसऱ्या पद्धतीत हृदयाला मार लागून आलेली सूज पांढरी दिसते. हा बघा केवढा डाग. जिन्यावरून पडलात, अन् कोपरसुद्धा खरचटलं नाही? कुणी मारलं?" मी दाराकडं बघितलं. त्यांनी उठून आतून कडी लावली. "आता बोला." मी बोललो. काम गेलंच. अजूनही बूट वाजवत कुणी जवळ आलं की माझे हात छातीवर जातात. मग त्या मॅडम आठवतात आणि मी हात खाली घेतो.